पक्का लॉक

आमचे भाऊजी घाबरतात. हे मी चहाडी म्हणून सांगत नाही, त्यांची ओळखच तशी आहे. उंची, रंग, हुद्दा हे सगळं नंतर. कारखान्यात त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही, 'जपूनकाका' म्हणतात. दिवसभरात ते हा एकच शब्द इतक्यांदा म्हणतात की नवीन माणसाला ते त्यांचं आडनाव वाटतं. मी त्यांची मेव्हणी, त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. मेव्हणीला थट्टेचा हक्क असतो आणि तो मी कधी वाया घालवलेला नाही. नाकावर राग असल्यामुळे घरात मला 'लवंगी' म्हणतात, तेव्हा आमच्या दोघांच्या जोडीची कल्पना करा.

ताईशी ओळख झाल्यावर ते पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा बसण्याआधी त्यांनी खुर्ची हलवून पाहिली. मग भिंतीवरच्या एका सुट्या वायरकडे टक लावून बसले. आई चहा घेऊन आली तर म्हणाले, "आधी मेन स्विच बंद करता का?" आमच्या वडिलांना वाटलं, मुलगा वीजकंपनीत आहे. पुढे लग्न झालं, मुलगी झाली. मुलीच्या अंघोळीचं पाणी ते कामावरच्या थर्मामीटरने मोजायचे. जिना उतरताना कठडा धरायचे आणि दुसऱ्यालाही धरायला लावायचे. ताई म्हणते, "यांच्याशी संसार म्हणजे कुणीतरी सारखं मागून बाही ओढतंय."

लोक विचारतात, लहानपणी काही झालं होतं का. काही झालं नव्हतं. काही माणसं डावखुरी जन्मतात, काही घाबरट जन्मतात. कारणं शोधत बसणाऱ्यांचा मला राग येतो.

आणि त्यांच्या कामाला असाच माणूस लागतो. आमचा कारखाना लेसर बनवतो. केसाएवढ्या काचेच्या तारेत उजेड गोल गोल फिरवायचा आणि थोडा थोडा बाहेर काढायचा, असे लेसर. त्यातून सलग धार येत नाही, झटके येतात, आणि ते इतके आखूड की पापणी लवायला लागणाऱ्या वेळात असे कोट्यवधी होऊन जातात. फोनची काच कापायला ते वापरतात, डोळ्याच्या शस्त्रक्रियेलाही वापरतात.

हे झटके घडवते एक फिल्म, आणि ती भाऊजी करतात. काजळीच्याच जातीच्या पण साध्या डोळ्याला कधीच न दिसणाऱ्या नळ्या गोंदासारख्या द्रावात मिसळायच्या, द्राव बशीत पसरून वाळवायचा, वर धरलेली राखाडी साय अलगद सोलायची. तिचा तिळाहून लहान तुकडा कापून तारेच्या दोन टोकांच्या मध्ये बसवायचा. या फिल्मचा स्वभाव उरफाटा आहे. मंद उजेड आला की ती गिळते, दांडगा उजेड आला की निमूट वाट सोडते. त्यामुळे तारेत फिरणाऱ्या उजेडाला टिकायचं असेल तर गोळा होऊनच यावं लागतं. तो तसा एका तालात यायला लागला की यंत्राच्या पडद्यावर एकसारख्या उंच रेघांची रांग लागते. याला भाऊजींच्या खोलीत 'लॉक होणं' म्हणतात. फिल्म ओल्या हवेने बिघडते, शिंकेने बिघडते, उजेड जास्त झाला तर मधोमध जळते. कितीतरी दिवस लॉक होतच नाही. म्हणून त्या खोलीत हा शब्द फार आनंदाचा आहे.

मला हे माहीत नव्हतं. मी भिंतीच्या पलीकडे, पॅकिंगमध्ये होते. आमच्याकडेही 'लॉक' होता. तयार लेसरच्या डब्याला पुढे किल्ली असते. डबा खोक्यात घालण्याआधी किल्ली फिरवून बाहेर काढायची आणि पिशवीत बांधायची. झालं लॉक. म्हणजे लेसर बंद, आता त्यावर बसून जेवलं तरी चालेल. "लॉक आहे ना?" "लॉक आहे." वर्षानुवर्षं आम्ही बायका हेच बोललो. भिंतीच्या एका बाजूला लॉक म्हणजे उजेड मेला, दुसऱ्या बाजूला लॉक म्हणजे उजेड पुरता जागा झाला. दोन्हीकडची माणसं एकाच कँटीनमध्ये जेवायची, पण जेवताना या शब्दावर बोलायचं कुणाला का सुचावं? आम्ही भाजीला नावं ठेवत होतो.

मग पॅकिंगचं काम बाहेरच्या ठेकेदाराला गेलं. भाऊजींनी साहेबांकडे शब्द टाकला आणि मी त्यांच्या खोलीत आले. माझं काम असं की लेसरमधून बाहेर येणाऱ्या तारेचं टोक पुसायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरून धूळ राहिली का पाहायचं. त्या तारेला आम्ही शेपूट म्हणतो. टोकावर धुळीचा एक कण राहिला तरी तो जळतो आणि शेपूट फुकट जाते.

इथे माझ्या डोळ्यांबद्दल सांगायला हवं. डावा लहानपणापासून आळशी. त्याला माणूस दिसतो, पण कोण ते कळत नाही. चष्म्यानेही फरक पडत नाही. सगळी भिस्त उजव्यावर, आणि उजवा असा की धूळ आपण होऊन त्याच्या नजरेत यावी. मी त्या खोलीत जायच्या आदल्या दिवशी ताई भाऊजींना म्हणाली, "तिला एकच डोळा आहे, लक्षात ठेवा."

"ते मला सांगतेस?" भाऊजी म्हणाले. "तिच्यासाठी शब्द टाकून बसल्यापासून मला तेवढंच दिसतंय."

त्यांची भीती या वेळी वाजवी होती. आमच्या लेसरचा उजेड दिसत नाही. झगझगीत काही दिसलं तर डोळा आपोआप मिटतो, न दिसणाऱ्या उजेडापुढे तो सताड उघडा राहतो. म्हणून खोलीत सगळ्यांना हिरवट काचेचा चष्मा घालावा लागतो. भाऊजींनी मला नियम पाठ करायला लावले. शेपटीचं टोक कुणाच्या तोंडाकडे धरायचं नाही. आणि टोक पाहण्यासाठी चष्मा वर करायचा झाला, तर आधी विचारायचं. "मी समोर उभा असलो तरी विचार," ते म्हणाले. "वेड्यासारखं वाटलं तरी विचार." मी म्हणाले, "भाऊजी, श्वास घेण्याआधी विचारू का?" ते हसले नाहीत.

आणि मी विचारायची. अगदी रोज. ते समोर यायचे, स्वतः खटका बघायचे, मीटरवर शून्य दाखवायचे, मग मान हलवायचे. शब्दांची गरजच पडायची नाही.

त्या दिवशी ते समोर नव्हते. सकाळपासून काळ्या पडद्याआड एक नवीन फिल्म घेऊन बसले होते. टीव्हीसारख्या पडद्यावर टोक दाखवणारा कॅमेऱ्याचा सूक्ष्मदर्शक दुरुस्तीला गेला होता, म्हणून कपाटातला जुना काढला होता, डोळा लावून बघायचा. ती फिल्म बसवलेल्या लेसरची शेपूट काळ्या पडद्याखालून माझ्या टेबलावर आलेली होती. दुपार कलत होती आणि मला ते काम हातावेगळं करायचं होतं. मी टोक पुसलं, सूक्ष्मदर्शकात बसवलं आणि नियमाप्रमाणे हाक मारली.

"भाऊजी, लॉक आहे ना?"

आतून एरवी कधी न ऐकलेला मोकळा आवाज आला. "लॉक आहे, लॉक. पक्का लॉक."

मी चष्मा कपाळावर सरकवला आणि उजवा डोळा लावला. टोक स्वच्छ होतं. राखाडी चकती, मधोमध ठिपका. ठिपक्यात जराशी लालसर झाक वाटली, ती मला सूक्ष्मदर्शकाच्याच दिव्याची वाटली. नीट बघावं म्हणून मी आणखी थोडं बघितलं. मग डोळा काढला आणि टोक स्वच्छ असल्याची खूण केली.

पडदा सरकला. भाऊजी तोंडभर हसत बाहेर आले. "ये, बघ," म्हणाले, "काय रांग लागलीय." मग त्यांनी सूक्ष्मदर्शकात बसवलेली शेपूट पाहिली, माझ्या कपाळावरचा चष्मा पाहिला. ओरडले नाहीत. परत पडद्याआड गेले. खटका पडल्याचा आवाज आला आणि पंख्याची घरघर थांबली. ती इतका वेळ चालू होती हे मला तेव्हा कळलं.

बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "कुठल्या डोळ्याने?"

"म्हणजे?"

"पाहिलंस ना यातून. कुठल्या डोळ्याने?"

"उजव्याच. डाव्याने काय कपाळ बघणार?"

ते तिथेच जमिनीवर बसले. मला अजून काही उमगलं नव्हतं. मी रागावूनच म्हणाले, "मी विचारलं होतं. तुम्हीच म्हणालात लॉक आहे."

"लॉकच होता."

"मग?"

"लॉक होता म्हणजे चालू होता, लवंगी."

मी डोळ्यावर हात ठेवला, काढला. काही दुखत नव्हतं. तसं मी म्हणाले तर भाऊजी खाली बघूनच बोलले, "डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखणं नसतं. भाजलं तरी कळत नाही." मला वाटतं, हे त्यांनी सांगायला नको होतं. त्यानंतर न दुखण्याचीच भीती वाटायला लागली. एखाद्या घरात चोर शिरलाय हे माहीत आहे आणि आवाज मात्र नाही, तसं. मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. घड्याळ होतं, आकडे होते, पण ज्या आकड्याकडे बघेन तो नव्हता. सहाकडे बघितलं तर सहा गेला. बाराकडे बघितलं तर सहा आला आणि बारा गेला. मी घड्याळभर नजर फिरवत राहिले आणि एकेक आकडा माझ्यापुढून पळत राहिला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. बाहुल्या मोठ्या करणारं औषध घालून त्यांनी बराच वेळ आत पाहिलं. आता मी यंत्राच्या या बाजूला होते. मग म्हणाल्या, "बरोबर मध्यावर भाजलंय. भोवती सूज आहे. सूज ओसरली की किती परत येतं ते बघू. काही येईल, काही राहील. कदाचित सगळंच राहील. तोवर वाट बघा."

"कुठल्या डोळ्याने?" मी म्हणाले. त्या हसल्या नाहीत. भाऊजी तर दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

ताई मला तिच्या घरी घेऊन गेली. ते दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही. सकाळी जाग आली की डोळे उघडायची हिंमत होत नसे. मिटलेले असतात तोवर सगळ्यांचं सारखंच असतं. मग न्हाणीघरात जायचं, डावा डोळा तळव्याने झाकायचा आणि भिंतीच्या फरश्यांकडे बघायचं. फरश्यांच्या उभ्याआडव्या रेघा मला जिथे हव्या असत तिथेच वाकड्या होऊन एका भोकात बुडायच्या. आज भोक लहान झालंय, असं वाटायचं. दुपारपर्यंत वाटायचं, मोठं झालंय. दिवसातून किती वेळा बघायची त्याला गणती नाही. ताई दार वाजवायची, "झालं का गं?" आणि मी खेकसायची, "आंघोळ तरी धड करू दे." आंघोळ केव्हाच झालेली असायची.

उजवा झाकला की डाव्याचं जग उरायचं. तिथे ताई म्हणजे एक निळा आकार, भाची म्हणजे एक लांब आकार. पुढचं आयुष्य आवाजांवरून माणसं ओळखण्यात काढायचं, हेच सारखं मनात यायचं. पूर्वी मी भाऊजींना विचारायची, "सारखं कसलं भ्यायचं?" आता चोवीस तास मीच भ्यायलेली असायची आणि ते कुणाला दाखवता येत नव्हतं. एवढ्यासाठी मला त्यांचा सगळ्यात जास्त राग आला. आयुष्यभर हा माणूस कशाकशाला भ्याला, आणि ज्या एका क्षणी भ्यायला हवं होतं त्या क्षणी खूश होता.

त्यांनी लपवाछपवी केली नाही, हे मात्र सांगते. कुणी बोलावण्याआधी साहेबांकडे गेले. साहेबांनी विचारलं, त्या बाईंनी चष्मा का काढला? नियम माहीत नव्हता का? भाऊजी म्हणाले, "नियम माझा होता. तिने विचारलं. माझ्या शब्दावर चष्मा काढला." नोकरी जाईल म्हणून ज्यांची एरवी रजा मागताना बोबडी वळते, ते हे बोलले. हे मला पॅकिंगमधल्या जुन्या मैत्रिणीने सांगितलं. खोलीत आता पाटी लागली आहे म्हणे, की इथे 'लॉक' म्हणायचं नाही, 'चालू' किंवा 'बंद' म्हणायचं. नोकरी राहिली, पगारवाढ गेली.

पण घरात ते बोलायचे बंद झाले. म्हणजे अगदी बंद. मीठ हवं असेल तर बोट दाखवायचे. भाची बाहेर निघाली की दारापर्यंत जायचे, तोंड उघडायचे आणि मिटायचे. एकदा मी जिना उतरत होते, एका हाताने कठडा चाचपत. ते खाली उभे होते. मी थांबले, वाटलं आता 'जपून' येईल. आलं नाही. ते नुसते बघत राहिले आणि मी उतरल्यावर आत निघून गेले. माझा जीव त्या शांततेने जितका घाबरा केला तितका डॉक्टरीणबाईंनीही केला नव्हता. ज्याच्या तोंडून सतत धोका ऐकला त्याने गप्प बसावं, म्हणजे आता सावध करण्यासारखं काही उरलं नाही असं वाटतं.

"त्यांना काहीतरी बोल," ताई म्हणाली.

"मी का बोलू? डोळा कुणाचा गेलाय?"

"म्हणूनच तू बोल."

मी बोलले नाही. एकतर राग होता, आणि दुसरं म्हणजे बोलले असते तर रडले असते.

पुढच्या तपासणीला ते आले नाहीत. ताई आली. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा आत पाहिलं, फोटो काढला, आधीच्या फोटोशेजारी धरला. सूज गेली होती. डाग राहिला होता. "लहान आहे," त्या म्हणाल्या.

"पण मी बघते तिथेच आहे."

"हो," त्या म्हणाल्या, "तिथेच आहे." त्यांनी उगाच धीर दिला नाही, म्हणून मला त्या आवडल्या. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि एक युक्ती शिकवली. डाग मधोमध आहे, भोवतीचा डोळा शाबूत आहे. म्हणून जे बघायचं त्याच्याकडे सरळ बघायचं नाही, जरा बाजूला बघायचं. "चेहरा हवा असेल तर कानाकडे बघा. चेहरा आपोआप कडेला येईल. पहिल्यासारखा स्पष्ट नाही, पण कोण आहे, काय म्हणतंय ते कळेल. सवय होईल."

मी तिथेच ताईच्या कानाकडे पाहिलं. आधी केस आले, मग गाल, मग ताई आली. किती थकली होती ती. इतक्या दिवसांत ते मला कळलंच नव्हतं. "काय बघतेस?" ती म्हणाली आणि कानातलं पडलं की काय म्हणून चाचपू लागली. आम्ही दोघी हसलो आणि हसता हसता रडलो.

त्यानंतर मी घरभर सराव करत सुटले. कपाटाच्या कडेला बघून कपाट, दाराच्या बिजागरीला बघून दार. भीती गेली नव्हती, अजूनही गेलेली नाही. उरलेल्या उजेडालाही काही झालं तर, हे मनात येतंच. पण करायला काहीतरी मिळालं होतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ताई आणि भाची बाहेर गेल्या होत्या. मी खिडकीजवळ बसले होते. भाऊजी आले, दारात घुटमळले, मग समोरच्या खुर्चीवर टेकले. मी त्यांच्या कानाकडे बघत होते. शेवटी घसा खाकरून ते बोलले, आणि आवाज असा आला की कुणीतरी गंजलेला नळ उघडावा.

"तू माझ्याकडे बघत नाहीस."

मी काही बोलायच्या आत ते पुढे म्हणाले, "बरोबरच आहे. मी तुझ्या जागी असतो तर या घरात पाऊल ठेवलं नसतं. पण तू बाकी सगळ्यांशी बोलतेस, हसतेस. मी आलो की तोंड फिरवतेस. परवा जेवताना, काल जिन्यात, आत्ताही. माझ्या मागे भिंतीकडे बघतेयस. शिव्या दे, लवंगी. पण एकदा बघ माझ्याकडे."

या माणसाला युक्ती कुणी सांगितलीच नव्हती. मी सांगितली नव्हती. ताईला वाटलं मी सांगितली.

"बघतेच आहे," मी म्हणाले. "सरळ बघितलं तर तुमच्या तोंडाच्या जागी भोक दिसतं. कानाकडे बघितलं की तुम्ही दिसता. तुम्हाला बघायचं म्हणूनच मी तिकडे बघतेय."

त्यांना कळायला वेळ लागला. मग ते घाईने उठले आणि खुर्ची बाजूला ओढू लागले, जिकडे माझी नजर होती तिकडे. त्यांना वाटलं, तिथे बसलं की मला सोपं जाईल. आणि ते माझ्या डोळ्यातल्या भोकात नाहीसे झाले. फक्त खुर्चीचे पाय आणि त्यांची पावलं राहिली.

"आता दिसतोय का?" त्या भोकातून आवाज आला.

"हलू नका हो. तुम्ही हललात की मला पुन्हा शोधावं लागतं."

ते जिथे होते तिथे थांबले, अर्धवट वाकलेले, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून. मी हळूहळू नजर सरकवत नेली. आधी कान आला, मग कानशिलावरचे पांढरे केस, मग गाल, मग डोळे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हनुवटीपर्यंत आलं होतं, आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही.